मेव्हण्याला वेडा म्हणायचा अधिकार

आमच्या मेव्हण्याला वेडा म्हणायचा अधिकार माझ्या एकट्याचा होता. त्याची बहीण मी केली, त्याला आसरा मी दिला, त्याच्या गोळ्यांसाठी डॉक्टरचे जिने मी चढलो. ज्याने यातलं काहीच केलं नाही असा माणूस नाक्यावर उभा राहून “काय, तुमचा येडा कसा आहे?” असं विचारायला लागला की माझं डोकं फिरायचं. मी म्हणायचो, “मजेत आहे. तुमचा कसा आहे?” तो म्हणायचा, “आमच्याकडे कोणी नाही.” मी म्हणायचो, “नीट शोधा.”

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ठाण्याला खोपटच्या एस.टी. डेपोत टायर खोलण्यात आणि बसवण्यात जिंदगी गेली. टायरशी गोड बोलून काही उपयोग नसतो, त्यामुळे मला गोड लिहिता येत नाही. ज्याला गोड वाचायचं असेल त्याने लग्नाच्या पत्रिका वाचाव्या. त्यात सगळेच सन्माननीय असतात.

आम्ही कोपरकडचे जुने लोक. बिल्डर यायच्या आधीचे. बाप-आजोबा भातशेती करायचे आणि उन्हाळ्यात मिठागरात राबायचे. मी जमिनीच्या तुकड्यावर एक बैठी चाळ बांधली, आणि तिच्या शेवटच्या खोलीत हा माझा मेव्हणा राहायचा. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, त्याचं लग्न ठरून मोडलं, मग तो आमच्याकडेच आला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. काम काय, तर घड्याळासारखे काटे बघायचे आणि काटा लालवर गेला की नळ फिरवायचा. तो म्हणायचा, “भाऊजी, मशीनला काटा असतो, माणसाला पण पायजे होता. तुम्ही लोक मी लालवर गेल्यावर मला हार घालता.”

ते खरं होतं, त्याचं सांगतो.

ह्याचा आजार असा की काही महिने वर, काही महिने खाली. वर असला की झोप नाही, तोंडाला विश्रांती नाही, पायाला चाक. खाली गेला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. पहिल्यांदा तो वर गेला तेव्हा आम्हा कुणालाच कळलं नाही की हा आजार आहे. गावाला तर फारच आवडला. गणपतीचा मांडव त्याने जवळजवळ एकट्याने घातला. वर्गणीला घरोघर फिरला. सगळ्या आळीतली तुळशीवृंदावनं निळ्या रंगाने रंगवून काढली, कुणी सांगितलं नसताना, भर उन्हात. लोक म्हणाले, काय कामाचा पोरगा आहे. मंडळाने त्याला कार्याध्यक्ष केलं, शाल दिली. माझा थोरला चुलतभाऊ नाना, जो गावचा पुढारी आणि प्रत्येक मांडवात पुढच्या खुर्चीचा मालक, त्याने भाषणात सांगितलं की तरुणांनी असं झपाटलेलं असलं पाहिजे.

पुढे तो पडला. कंपनीतून चिठ्ठी आली, त्याला डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या सुरू केल्या. महिन्या-दोन महिन्यांत माणूस नीट झोपायला लागला, नीट जेवायला लागला, कामावर जायला लागला. आणि तेव्हा गाव म्हणालं, हा वेडा आहे. म्हणजे वेड होतं तोवर कार्यकर्ता, औषध लागू पडलं तेव्हा वेडा. कार्याध्यक्षपद गेलं. दोन-तीन घरांनी तुळशीवृंदावनावरचा निळा रंग खरवडून काढला. का, तर वेड्याच्या हातचा. मी एकाला विचारलं, “अरे, इतके दिवस त्याच तुळशीला पाणी घालत होतास, तुला काही झालं काय?” तो म्हणाला, “तेव्हा म्हायती नव्हतं ना.” अशी आमच्या गावाची अक्कल. चौथी शिकून माझी बरी राहिली.

डॉक्टरकडे जायच्या आधी बायकोच्या नात्यातल्या बायांनी धोशा लावला, बाहेरचं आहे, भगताकडे न्या. मला ते पटत नव्हतं, पण त्या रोज येऊन बसायच्या आणि चहा प्यायच्या. चहा परवडेना म्हणून गेलो. कल्याणच्या पलीकडे एका पाड्यावर भगत होता. त्याने ह्याला समोर बसवलं, धूप केला, डोळे लाल केले आणि ओरडला, “बोल, तू कोण?”

मेव्हण्याने आपलं पूर्ण नाव सांगितलं. बापाच्या नावासकट.

“कुठून आलास?”

“कोपरहून.”

“का आलास?”

“भाऊजींनी आणलं.”

“जाणार कधी?”

“तुम्ही सोडलंत की लगेच. मला दुसरी पाळी आहे.”

भगताने कडुलिंबाचा फाटा उचलला. मेव्हणा म्हणाला, “महाराज, बसा जरा, तुमचा श्वास लागलाय.” आणि मग तो जो बोलायला लागला, कारण तेव्हा तो परत वर गेलेला, तो भगताला पाड्यावर पाण्याची टाकी कुठे बांधायची, नळ कसा फिरवायचा, कोंबड्यांचा धंदा कसा वाढवायचा, सगळं सांगून मोकळा झाला. भगताने शेवटी कपाळाला हात लावला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “ह्याला डॉक्टर दाखवा.” मी आयुष्यात ऐकलेला भगताचा हा एकमेव बरोबर सल्ला. आणलेला कोंबडा मात्र ठेवून घेतला.

मग डॉक्टर. डोंबिवलीत स्टेशनजवळ एका साड्यांच्या दुकानाच्या वर त्याचा दवाखाना होता. शेजारीच दाताचा डॉक्टर. त्यामुळे तो जिना चढणारे अर्धे लोक गाल धरून चढायचे. वर गेले की गाल सोडायचे आणि दुसऱ्या दारात शिरायचे. आत बाकावर सगळे अशा तऱ्हेने बसलेले की जणू कुणी कुणाला दिसतच नाही. बाया पदर नाकापर्यंत, पुरुष पेपर डोळ्यांसमोर. एकदा एक मास्तर पेपर उलटा धरून बसलेले मी पाहिलेले.

आमच्या मेव्हण्याला हे कळायचंच नाही. आत शिरला की तो लग्नात आल्यासारखा सगळ्यांना भेटायचा. “नमस्कार मास्तर, झोप कशी आहे?” “वहिनी, गेल्या वेळेपेक्षा तोंडावर बरीच टवटवी आहे हो.” आणि हे आत थांबलं असतं तरी चाललं असतं. तो बाजारातही करायचा. भर भाजीबाजारात मास्तर दिसले की लांबूनच हात वर करून, “मास्तर, गोळी घेतली का?” मास्तरांनी एकदा वांगी तिथेच टाकून पळ काढला.

मी त्याला झापला. म्हटलं, “अरे, लोकांना लाज वाटते.”

तो म्हणाला, “कशाची? मास्तर सगळ्या बाजाराला सांगतात, मला साखर आहे, मला बटाटा नको. तेव्हा नाही वाटत ती?”

उत्तर सुचलं नाही की मी आवाज चढवतो. चढवला.

गोळी ही त्याच्यासाठी पूजेसारखी गोष्ट होती. आधी केस विंचरायचा, शर्टाचं वरचं बटण लावायचा, भर मे महिन्यातसुद्धा, मग पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यावर बसायचा. म्हणायचा, “औषध आहे भाऊजी, त्याच्यापुढे असंच कसं जायचं?” डॉक्टरने आम्हाला समजावलेलं की सकाळची गोळी म्हणजे एक प्रकारचं मीठच आहे, जमिनीतून निघतं. हे ऐकून मी हसलो. म्हटलं, “डॉक्टर, आमच्या पिढ्या मिठागरात गुडघाभर उभ्या राहिल्या. मिठाने डोकं ठिकाणावर येत असतं तर आमच्या भाऊबंदकीत एवढे येडे कसे?” डॉक्टर शिकलेला माणूस, त्याला हसावं की लिहून घ्यावं कळेना. रात्रीची गोळी वेगळी. ती झोपेची, पिवळी, आणि कडू जहर. ती घेतली की अर्ध्या तासात माणूस लाकूड.

गावातली पोरं त्याला चिडवायची, “ह्याला ठाण्याला पाठवा.” आपल्याकडे कुणाला ठाण्याला पाठवा म्हटलं की कुठे पाठवा ते सांगावं लागत नाही, तिथलं मोठं इस्पितळ सगळ्यांना ठाऊक. मेव्हणा शांतपणे म्हणायचा, “आमचे भाऊजी रोज जातात ठाण्याला. काही फरक नाही.” पोरं हसायची. मीसुद्धा हसलो असेन, पण त्यांच्यासमोर नाही.

तो खाली गेला की मात्र घरात हसू नसायचं. खोलीचं दार लोटलेलं, हा भिंतीकडे तोंड करून. अंघोळ नाही, दाढी नाही, भाताला हात नाही. बायको दारात उभी राहून रडायची. मी दरडावून बघितलं. मी टायरवाला, मला वाटायचं अडकलेलं काहीही पहार लावली की निघतं. एकदा मी त्याला म्हटलं, “ऊठ. नुसता ऊठ. बाकी काही करू नको.” बऱ्याच वेळाने तो भिंतीला म्हणाला, “उठायला सुरुवात कुठून करतात, भाऊजी? पायाकडून की डोक्याकडून? मी विसरलो.”

मी तसाच परत आलो. त्याला काय सांगणार? मी रोज उठायचो, पण कुठून सुरू करतो ते कधी बघितलं नव्हतं.

अशा दिवसांत त्याच्या खोलीत एकच माणूस जायचं, आमची मुलगी. शाळेत असल्यापासून. ती आत जाऊन काही बोलायची नाही, ऊठ म्हणायची नाही, त्याच्या पाठीला पाठ लावून बसायची आणि अभ्यास करायची. तो वर असताना त्याने तिला सायकल शिकवलेली, पाढे शिकवलेले, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने शाबासकी दिलेली. ती म्हणायची, मामा वर असला की मला शिकवतो, खाली असला की मी त्याला सोबत करते, आमचा हिशोब बरोबर आहे.

तर ह्या मुलीच्या लग्नाची गोष्ट. नव्वद साल उलटून गेल्यानंतरची.

स्थळ नानाने आणलं. कल्याणकडच्या गावातलं, घर बरं, मुलगा नोकरीला. नानाने आणलं म्हणजे नानाची इज्जत त्यात अडकली. सुपारी फुटली आणि चार दिवसांनी नाना आमच्या ओट्यावर येऊन बसला. पान लावलं, चुना झटकला आणि म्हणाला, “पोरीचे पाठीशी मामा कोन उभा ऱ्हानार?”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात मामा मुलीला बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीमागे उभा राहतो. बाप नसला तर चालतं, चुलता पुढे होतो. मामा लागतोच. सगळा मांडव दोन चेहरे बघतो, एक नवरीचा, दुसरा तिच्या खांद्यावरून दिसणारा मामाचा.

मी म्हटलं, “तिचा मामा आहे की.”

“तो?” नाना हसला. “तो मांडवान आला तं सोयरे उठून जातील. मंगलाष्टकं चालू असतान त्याना भाषान सुरू केला तं? माझा मेव्हना हाय, चांगला उंच हाय, फेटा शोभतो. त्याला उभा करू. कोन विचारतंय?”

बायको दाराआडून म्हणाली, “नाना बोलतात ते बरोबर हाय.” तिचा सख्खा भाऊ. पण मुलीच्या लग्नात आई कुणाचीच बहीण नसते, हे मी तेव्हा बघितलं.

मुलगी आतून बाहेर आली. ती कधी मोठ्याने बोलत नाही. म्हणाली, “नाना, मामा नसेल तर मागे कुणी नको. जागा रिकामी ठेवा. कुणी विचारलं तर मी सांगेन.”

नाना मला म्हणाला, “पोरीला समजाव. मी सांगतो तसाच करायचा.”

आता खरं सांगायचं तर तोपर्यंत माझं काही ठरलेलं नव्हतं. मेव्हण्याला उभा करायची मलाही धास्ती होती. त्याचा काय भरवसा, मांडवात व्याह्याला विचारायचा, गोळी घेतली का. पण नाना म्हणाला, तसंच करायचं. माझ्या ओट्यावर बसून, माझ्या डब्यातलं पान खाऊन. मी म्हटलं, “नाना, मांडव माझा, पोरगी माझी, येडा पण माझा. तोच उभा राहील.” नाना उठून गेला. पान थुंकायला गेला असं मला वाटलं, पण तो परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कल्याणला व्याह्याच्या घरी गेलो. शिकलेल्या माणसाने अशा वेळी हळूहळू विषय काढला असता. मला ते येत नाही. चहा यायच्या आधीच मी म्हटलं, “आमच्या घरात एक माणूस आहे. मनाचा आजार आहे. गोळ्या घेतो. लग्नाला येणार, मानाने येणार. चालत नसेल तर आत्ताच सांगा, बोलणी इथंच संपली.”

व्याही जाड भिंगांचा चष्मा लावणारा गरीब स्वभावाचा माणूस. त्याने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, “त्रास देतात काय?”

“मी जास्त देतो,” मी म्हटलं.

ती हसली. व्याही म्हणाला, “घरोघर असतंच काही ना काही. येऊ द्या.” तो कोण, मामा की काका की आणखी कुणी, हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. चहा पिऊन आलो.

घरी येऊन मेव्हण्याला सांगितलं, तू उभं राहायचंस. त्याने मान हलवली आणि लगेच विचारलं, “किती वेळ?” मी म्हटलं, “पाऊण तास.” तेव्हापासून तो रोज संध्याकाळी खोलीच्या भिंतीपुढे पाऊण तास ताठ उभा राहायची प्रॅक्टिस करायचा. चाळीतली बाई मला येऊन म्हणाली, “परत बिघडलं वाटतं.” मी म्हटलं, “लग्नाची तयारी आहे.” तिला ते जास्तच बिघडल्यासारखं वाटलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी तो तयार होऊन ओट्यावर बसला. नवा सफारी, वरचं बटण बंद, खिशात दोन पेनं. गोळ्यांनी त्याच्या हाताला बारीक कंप सुटलेला असायचा, त्या दिवशी जरा जास्तच होता. मी म्हटलं, “तुला अक्षता टाकायची मेहनत नको. मूठ उघडलीस की आपोआप उडतील.” तो म्हणाला, “भाऊजी, आज चेष्टा नको. आज मी मामा आहे.” मांडवात लग्नाचे धवले गाणारी म्हातारी मामाच्या नावाचं गाणं उचलत होती, तो ते मान खाली घालून ऐकत होता.

नाना फेटा बांधून आला. रुसून घरी बसेल असं वाटलेलं, पण पुढची खुर्ची सोडणं त्याच्याने होत नाही. आला तो एकदम प्रेमळ होऊन. चुलीकडे गेला, माझ्या बायकोशी काहीतरी कुजबुजला, आणि स्वतःच्या हाताने चहाचा पेला आणून मेव्हण्यापुढे धरला. “घे रं बाबा, पोटान कायतरी ऱ्हावदे.” माझ्या उभ्या जन्मात नानाने कुणाला चहा आणून दिलेला मी पाहिला नव्हता. चार-पाच पाहुणे तिथेच बसलेले होते.

मेव्हण्याने एक घोट घेतला आणि थांबला. पेला खाली ठेवला. म्हणाला, “नाना, ह्यात माझी रात्रीची गोळी आहे.”

“काय बोलतंस येड्यावानी.”

“साखर खूप घातली आहे, तरी कडू लागते. किती घातल्या?” हे त्याने रागाने विचारलं नाही. आमच्या डॉक्टरसारखं विचारलं. मग त्याने मान वळवून चुलीकडे बघितलं. त्याच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात ते बहिणीशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. ती पदर तोंडात धरून उभी होती. त्याने एकदाच बघितलं, आणि मला वाटलं आता हा काहीतरी करणार, पेला फेकणार, ओरडणार. मला सांगायला हरकत नाही, मला ते हवं होतं.

तो म्हणाला, “बरं. पितो. अर्ध्या तासाने चढते. पाऊण तास उभं राहायचंय, शेवटचा थोडा वेळ मी खांब धरीन. मग झोपतो कुठेतरी. तुम्हाला सगळ्यांना बरं वाटेल.” आणि पेला उचलला.

“ठेव खाली,” मी म्हटलं.

मी उठलो, पेला घेतला आणि नानापुढे धरला. “नाना, ह्यात काही नाही ना?”

“कायेक नाय. कसम.”

“मग तू पी.”

नाना पाहुण्यांकडे बघायला लागला. पाहुणे नानाकडे. एवढ्या मोठ्या पुढाऱ्याने वेड्याच्या घरात चोरून गोळी घातली हे कबूल करायचं, की गोड चहा प्यायचा, एवढंच त्याला ठरवायचं होतं. “चाय उष्टी हाय,” तो म्हणाला. मी म्हटलं, “वेड उष्ट्याने लागत नाही. डॉक्टरला विचारलंय मी.” मागून कुणीतरी हसलं. नानाने माझ्याकडे बघत बघत सगळा पेला घशात ओतला, वर मिश्या पुसल्या. इज्जत राखली. त्याच्या इज्जतीला गोळ्या पचवायची सवय नव्हती, एवढंच.

वऱ्हाड आलं. मुहूर्त जवळ आलेला, वाजंत्री, हार, मानाच्या टोप्या, सगळं घाईत उरकलं. नाना पुढच्या खुर्चीत व्याह्याच्या थोरल्या भावाशेजारी. मामाने मुलीला आणलं. अंतरपाट धरला. दुसऱ्या मंगलाष्टकाला नानाचा फेटा पुढे आला. तिसऱ्याला तो व्याह्याच्या भावाच्या खांद्यावर टेकला. भावाने दोनदा सरळ केला, तो दोनदा परत आला. चौथ्याला भटजी “सावधान” म्हणाले आणि त्या क्षणाच्या शांततेत नाना असा घोरला की वाजंत्रीवाल्याने चुकून ढोलावर थाप मारली. मांडव हसू दाबत होता. व्याह्याच्या बाजूच्या बाया एकमेकींच्या कानाला लागल्या. मुलगी अंतरपाटाआड मान खाली घालून उभी, तिचे खांदे हलत होते. तिच्या पाठीमागे मामा, सरळ, दगडी खांबासारखा, नजर समोर. त्याने खांब धरला नाही. हात तेवढे हलत होते, ते त्याने मुठी करून सफारीला चिकटवलेले.

अक्षता पडल्या. व्याही हळूच माझ्याजवळ सरकला, चष्मा पुसला आणि नानाकडे डोळ्याने खूण करून कानात म्हणाला, “तुम्ही त्या दिवशी बोललेलात ते हेच का?”

मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. म्हटलं, “जरा सांभाळून घ्या.”

“अहो, काही त्रास नाही त्यांचा,” व्याही कळवळून म्हणाला. “आणि मुलीचे मामा मात्र काय भारदस्त माणूस हो.”

पुढे किती वर्षं तिकडचं माणूस भेटलं की मला अदबीने विचारायचं, तुमच्या त्या चुलतभावांची तब्येत आता कशी आहे. मी म्हणायचो, चढउतार असतो.

नानाला चार पोरांनी उचलून आमच्या कोठीच्या खोलीत भाताच्या गोणींवर नेऊन टाकला. पंगती बसल्या. मी वाढप्यांवर ओरडत फिरत होतो. मामाचं मानाचं पान मांडलेलं, पण मामा जागेवर नाही. मुलगी ताटावर हात तसाच ठेवून मला म्हणाली, “बाबा, बघा ना.”

मी शोधत कोठीच्या खोलीशी गेलो. मेव्हणा नानाच्या उशाशी बसलेला. नानाचा फेटा सोडून, घडी करून त्याने त्याच्या डोक्याखाली घातलेला. नाना कुशीवर, कारण उताणा झोपला तर जीभ मागे जाते, असं त्याने मला सांगितलं. बाजूला पाण्याचा तांब्या.

मी म्हटलं, “जेवायला चल. ह्याने तुला झोपवायला घातली होती ती. ह्याला राहू दे गोणीवर.”

“तुम्ही व्हा पुढे. ह्याला जाग येईल तेव्हा तोंड कोरडं पडलेलं असतं, आणि आपण कुठे आहोत तेच कळत नाही. कुणीतरी ओळखीचं समोर लागतं.”

“तू ओळखीचा?”

“दुसरं कोण बसणार आहे, भाऊजी?”

मी दाराला टेकून उभा राहिलो. जायला पाहिजे होतं, पण राहिलो. एवढ्यात नाना हलला. डोळे उघडले, ते लगेच मिटले, परत उघडले. तो उठायला गेला आणि त्याला उठता येईना. एवढा मोठा माणूस, पण लहान पोरासारखा भ्यायलेला मी तेवढाच बघितला. मेव्हण्याने त्याच्या मानेखाली हात घालून पाणी पाजलं. अर्धं नानाच्या छातीवर सांडलं.

“मी कुटं हाय?”

“घरीच आहात. लग्न झालं. छान झालं.”

नानाने मेव्हण्याचं मनगट पकडलं. ज्या माणसाच्या हातचा रंग त्याने आपल्या तुळशीवरून खरवडायला लावला होता, त्याचं मनगट. आवाज इतका बारीक की मला दारातून मान पुढे करावी लागली.

“मी काय बोललो काय रं? मांडवान? कायतरी भलताच?”

“काही नाही बोललात.”

“सगल्यांनी बघितला?”

अख्ख्या मांडवाने बघितलेलं. वाढपी अजून पातेल्याआड हसत होते.

“कुणी नाही,” मेव्हणा म्हणाला. “सगळे नवरीकडे बघत होते.”